आयटीला प्रवेश तर मिळतो, पण पाया कोण घालणार?

दहावी-बारावीचे निकाल जवळ आले की पालक आमच्याकडे सल्ल्याला येतात. काही वर्षांपूर्वी प्रश्न ठरलेला असायचा, "मुलाला आयटीला घालू का?" आता त्याच प्रश्नाला नवं शेपूट लागलंय. "एआय म्हणे सगळा प्रोग्राम स्वतःच लिहून देतं. मग आयटीला एवढे पैसे घालायचे कशाला?"

प्रश्न चुकीचा नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि शाळकरी मुलंसुद्धा त्याला प्रोग्राम लिहायला सांगू लागली. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार लोकांना, म्हणजे आपल्या मनुष्यबळाच्या जवळपास २ टक्के लोकांना, कमी करणार असल्याचं जाहीर केलं. यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली माणसं असतील, असं कंपनीने सांगितलं होतं. पण मोहल्ल्यात बातमी पोहोचली ती एवढीच, "आयटी संपलं."

आमच्या मते आयटी संपलेलं नाही. संपत आलंय ते पाठ करून, जर्नल उतरवून, केटी सोडवत मिळवलेल्या आयटीच्या कागदाचं मोल. आणि आपल्या बऱ्याच मुलांच्या हाती आजवर तेवढंच पडत आलंय. म्हणून 'आयटी करू की नको' याच्या आधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. पदवीच्या पहिल्या वर्षात जो पाया घातला जातो, तो आपल्या मुला-मुलींचा पक्का होतो का? होत नसेल, तर कुठे अडतं?

बीकेसीच्या शेजारी राहून

वांद्रे पूर्वेला स्टेशनच्या एका अंगाला बेहरामपाडा आहे आणि तिथून थोड्याच अंतरावर वांद्रे-कुर्ला संकुल, म्हणजे आपलं बीकेसी. तिथे नॅशनल स्टॉक एक्स्चेंज आहे, २०१० मध्ये सुरू झालेला भारत डायमंड बोर्स आहे, मोठ्या बँकांची आणि परदेशी कंपन्यांची ऑफिसं आहेत. ॲपलने भारतातलं आपलं पहिलं दुकान एप्रिल २०२३ मध्ये तिथेच उघडलं. बीकेसीला लागून कलिना आहे आणि कलिन्यात मुंबई विद्यापीठाचं संकुल.

मोहल्ल्यातली माणसं बीकेसीत रोज जातात. कुणी डिलिव्हरीला, कुणी हाउसकीपिंगला, कुणी ड्रायव्हर म्हणून. हलालची कमाई कुठलीही असो, इज्जतीचीच. पण त्याच इमारतींत संगणकासमोर बसणाऱ्यांत आपल्या गल्लीतली मुलं किती, हे ज्याने त्याने स्वतः मोजून पाहावं.

देशाचं चित्र सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ च्या अहवालात मांडलं होतं. नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम आणि पदव्युत्तरच्या ५० मागे एक. त्यानंतर आकडे हळूहळू वाढले, पण केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०१९-२० ची सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थिसंख्या २०२०-२१ मध्ये १९ लाख २१ हजारांवर उतरली. ते कोरोनाचं वर्ष होतं आणि वर्ग ऑनलाइन भरत होते. ज्या घरात चार भावंडांत एक मोबाइल, त्या घरातून कोण गळालं असेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

पहिल्या वर्षी शिकवतात काय?

आपल्याकडे 'कॉम्प्युटर शिकला' या तीन अक्षरी-चार अक्षरी शब्दांत बऱ्याच वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. एमएस-सीआयटी हा २००१ मध्ये आलेला एमकेसीएलचा कोर्स. तो संगणक वापरायला शिकवतो. टॅली हिशेब ठेवायला, डीटीपी मजकूर आणि पानं सजवायला. हे सगळं उपयोगाचं आहे, पण हे प्रोग्रामिंग नाही. तयार सॉफ्टवेअर वापरणं वेगळं, ते बनवणं वेगळं.

विद्यापीठातला पाया याहून खोल असतो. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी आयटीचा नव्या शैक्षणिक धोरणाआधीचा अभ्यासक्रम पाहा. पहिल्या सत्रात सी भाषेतलं प्रोग्रामिंग, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, ऑपरेटिंग सिस्टीम आणि डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स. दुसऱ्यात सी प्लस प्लस, मायक्रोप्रोसेसर आणि वेब प्रोग्रामिंग. तिसऱ्यात पायथन, डेटा स्ट्रक्चर, नेटवर्क आणि डेटाबेस. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवं धोरण आल्यावर विषयांची नावं आणि क्रेडिट बदलले, पण पाया तोच राहिला. यंत्र आतून कसं चालतं, माहिती कशी साठवतात आणि प्रश्नाचे तुकडे करून यंत्राला कळेल असं कसं सांगायचं.

हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. ते कळायला घरचंच उदाहरण घेऊ. रमजानमध्ये घरात जकातीचा हिशेब होतो. अम्मी वही घेऊन बसते. सोनं किती, चांदी किती, बँकेत किती, दुकानातला माल किती, सगळ्याची बेरीज. त्यातून देणं वजा. उरलेली रक्कम निसाबाएवढी किंवा जास्त आहे का? त्यावर वर्ष पूर्ण झालंय का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर अडीच टक्के. नसेल तर जकात नाही.

अम्मीने जे केलं त्यालाच अल्गोरिदम म्हणतात. आधी माहिती घेतली. एकेक वस्तू घेऊन तीच बेरीज पुन्हा पुन्हा केली, त्याला लूप म्हणतात. 'असेल तर हे, नसेल तर ते' असं ठरवलं, त्याला कंडिशन म्हणतात. हीच रीत खालासाठी, मामूसाठी पुन्हा वापरता यावी म्हणून एकदाच लिहून ठेवली तर ते फंक्शन. पहिल्या वर्षाचं निम्मं प्रोग्रामिंग एवढ्यात आलं.

अल्गोरिदम हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला, हे आपल्या जलशांमधून नेहमी सांगितलं जातं. खरंच आहे ते. भारतीय अंकांवर त्यांनी लिहिलं आणि पुढे ती पद्धत युरोपात गेली, हेही खरं. पण त्यांच्या नावाचा अभिमान बाळगायचा आणि मुलीला अकरावीत गणित सोडू द्यायचं, या दोन गोष्टी एका घरात शोभत नाहीत.

एआय आलं तरी पाया का लागतो?

जकातीचंच उदाहरण पुढे नेऊ. समजा एका घरात ६ लाखांची मालमत्ता आहे आणि १ लाखाचं देणं. जकात ५ लाखांवर लागेल, म्हणजे १२,५०० रुपये. आता एखाद्याने एआयला सांगितलं, "जकात काढायचा प्रोग्राम लिही." दोन मिनिटांत प्रोग्राम तयार. तो चालतोही. पण त्यात देणं वजा करायचं राहून गेलं तर उत्तर येईल १५,००० रुपये. पडद्यावर लाल अक्षरात कुठलीही चूक दिसणार नाही. यंत्राच्या दृष्टीने सगळं ठीक.

प्रोग्राम चालला म्हणजे तो बरोबर आहे असं नसतं. ही गोष्ट पाया पक्का असलेल्यालाच दिसते. शिवाय निसाब कशावर धरायचा? ८७.४८ ग्रॅम सोन्यावर की ६१२.३६ ग्रॅम चांदीवर? दोन्हींच्या किमतीत केवढं अंतर आहे. हा निर्णय यंत्राचा नाही. तो मुफ्तीसाहेबांना विचारून घ्यायचा आणि मग यंत्राला नेमका सांगायचा. बँक असो, हॉस्पिटल असो, रेल्वेचं तिकीट असो, प्रत्येक कामात असे निर्णय असतात. काय हवंय हे नेमकं सांगता येणं आणि जे मिळालं ते तपासता येणं, हेच आता आयटीतलं काम होत चाललंय.

बेहरामपाड्यात, नौपाड्यात ज्यांच्या घरी शिलाईचं काम आहे त्यांना हे लगेच कळेल. मशीन कितीही वेगाने शिवू दे, कापड कटिंग मास्टरने बेतलेलं असतं. कटिंग चुकलं तर वेगवान मशीन तेवढ्याच वेगाने जास्त माल वाया घालवते. एआय ही फार वेगवान मशीन आहे. आपल्या मुलांना कटिंग मास्टर व्हायचंय की नुसता पायडल मारायचाय, हे पहिल्या वर्षात ठरतं.

एक सावधगिरी पालकांनीही बाळगावी. मुलगा रात्रभर लॅपटॉपवर बसतो म्हणजे शिकतोच असं नाही. असाइनमेंट एआयकडून लिहून घेऊन जमा करणं आता जर्नल उतरवण्याहून सोपं झालंय. त्याला एवढंच म्हणा, "बेटा, हे काय करतं ते मला समजावून सांग." आपल्याला प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालेल. त्याला कळलं असेल तर तो आपल्या भाषेत सांगू शकेल. तो अडखळला तर पाया कच्चा आहे असं समजावं.

आपली मुलं अडतात कुठे?

वर्गात इतकी वर्षं मुलं पाहिल्यावर आम्हाला असं दिसतं की हुशारीची कमतरता नाही. अडचणी दुसऱ्याच आहेत आणि त्यातल्या बऱ्याच घरात, मोहल्ल्यात सुटण्यासारख्या आहेत.

पहिली अडचण भाषेची. मराठी माध्यमाची मुलगी बीजगणितात 'चल' शिकते. उर्दू माध्यमाची मुलगी तेच 'मुतगय्यर' म्हणून शिकते. कॉलेजात गेल्यावर तीच गोष्ट 'व्हेरिएबल' या नावाने समोर येते आणि दोघींना वाटतं की हे काहीतरी नवीन, आपल्या आवाक्याबाहेरचं आहे. हे शब्द एकाच वस्तूचे आहेत, एवढं कुणी सांगितलं तरी निम्मी भीती जाते.

दुसरा अडथळा त्याहून बारीक आहे. मुलांनी शाळेत शिकलेलं असतं की बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजू सारख्या. मग प्रोग्राममध्ये 'गणती = गणती + १' दिसतं आणि मूल गोंधळतं. हे कसं शक्य आहे? इथे ते चिन्ह 'सारखं आहे' असं म्हणत नाही, 'ठेव' असं म्हणतं. आधीच्या गणतीत एक मिळवून ती पुन्हा गणतीत ठेव. तसबीहचा एक दाणा पुढे सरकला की मोजणी एकाने वाढते, तसंच. अशा एका-एका जागी मूल अडकतं, विचारायला लाजतं आणि सत्राच्या शेवटी केटी लागते. मग घरात म्हणतात, "हिला जमत नाही."

तिसरी अडचण यंत्राची. मोबाइल घरोघरी आहे, पण मोबाइलवर प्रोग्रामिंगचा सराव होत नाही. पोहणं काठावर बसून येत नाही तसंच हे. स्वतः टाइप करायचं, चुकायचं, चूक शोधायची, पुन्हा चालवायचं. कॉलेजच्या लॅबमध्ये आठवड्यातून मोजके तास मिळतात, तेवढ्यात हात बसत नाही. यासाठी महागडा लॅपटॉप लागतो हा मात्र गैरसमज आहे. पायथन, सी चा कंपायलर, मायएसक्यूएल हे सगळं फुकट मिळतं. पहिल्या वर्षाला ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला, लॅमिंग्टन रोडवरून पारखून घेतलेला जुना लॅपटॉपही पुरतो. लग्नाच्या मंडपातला एक दिवसाचा खर्च कमी केला तर तो येतो.

चौथी अडचण जागेची आणि वेळेची. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही, शिलाई मशीन आणि पाहुणे. मुलाला निदान बाहेर बसता येतं. मुलीला घरकाम आटोपून रात्री अकराला वही मिळते. कॉलेजचं प्रॅक्टिकल संध्याकाळी उशिरा असलं की "राहू दे" म्हणतात. मुली हुशार असूनही मागे राहतात त्याचं कारण अनेकदा एवढं साधं असतं.

पाचवी अडचण गणिताची. दहावीनंतर गणित सुटलं की आयटीचे बरेच दरवाजे बंद होतात. बीएस्सी आयटीला बारावीत गणित असणं महत्त्वाचं असतं. कॉमर्स घेऊनही गणित ठेवलेलं असेल तर हा रस्ता खुला राहतो, हे अनेक घरांना ठाऊकच नसतं. म्हणून बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. अकरावीला विषय निवडतानाच हा निर्णय घ्या.

वांद्र्यातून निघणारे रस्ते

आपल्या भागात संस्थांची कमी नाही. वांद्रे पूर्वेला खेरवाडीत शासकीय तंत्रनिकेतन आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, त्यात कॉम्प्युटर आणि आयटी दोन्ही शाखा. प्रवेश दहावीच्या गुणांवर, फी खाजगी कॉलेजच्या मानाने फार कमी, आणि डिप्लोमानंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. बेहरामपाड्याच्या मुलासाठी हा घराजवळचा सरकारी रस्ता आहे आणि तरीही अनेक पालक त्याचं नाव निकालानंतर पहिल्यांदा ऐकतात. डिप्लोमाचं शिक्षण मराठी-इंग्रजी अशा दोन्ही भाषांत देण्याची मुभाही तंत्रशिक्षण मंडळाने दिलेली आहे.

वांद्रे पश्चिमेला थडोमल शहानी इंजिनीअरिंग कॉलेज १९८३ चं, फादर ॲग्नेलचं कॉलेज १९८४ चं, रिझवी इंजिनीअरिंग कॉलेज १९९८ चं. इथे प्रवेश सीईटी आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून होतो. बीएस्सी आयटी रिझवी, नॅशनल यांसारख्या कॉलेजांत आहे. भायखळ्याचं अंजुमन-ए-इस्लामचं साबू सिद्दीक कॉलेजही लोकलने दूर नाही. कॉलेजला रोज जाणं शक्य नसेल तर कलिन्यातलं मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

इथे एक बदल लक्षात ठेवा. बीसीए, बीबीए, बीएमएस या अभ्यासक्रमांना २०२४ पासून राज्याच्या सीईटी सेलची प्रवेश परीक्षा आहे. फॉर्म बारावीच्या निकालाच्या खूप आधी भरायचा असतो. निकालानंतर चौकशी केली तर त्या वर्षीची गाडी सुटलेली असते.

ज्यांना जेईई किंवा सीईटी जमली नाही त्यांच्यासाठी आणखी एक दार आहे. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी सुरू केली. तिला जेईई लागत नाही. चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची, मग पायाभूत पातळीत गणित, संख्याशास्त्र, इंग्रजी, संगणकीय विचारपद्धती आणि पायथन. धडे घरी बसून, पण परीक्षा केंद्रावर जाऊन. कमी उत्पन्नाच्या घरांना फीमध्ये सवलत आहे. हे सोपं नाही, पण रस्ता खुला आहे आणि घराबाहेर रोज न पडू शकणाऱ्या मुलींसाठी तो विशेष कामाचा आहे.

आणि फुकट शिकायचं असेल तर पवईच्या आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. सी, सी प्लस प्लस, पायथन, लिनक्स यांचे छोटे धडे, त्यातले बरेच मराठी आवाजात. धडा बघायचा, थांबवायचा, शेजारी तेच स्वतः करून बघायचं, अशी त्याची रीत. कॉलेज सुरू होण्याआधीच्या सुट्टीत रोज एक तास दिला तरी पहिल्या सत्राची धास्ती कमी होते. उर्दूतून शिकू इच्छिणाऱ्यांसाठी हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठात संगणकाचे अभ्यासक्रम आहेत. राष्ट्रीय उर्दू परिषदेच्या केंद्रांतून एक वर्षाचा संगणक डिप्लोमाही चालतो.

गल्लोगल्ली 'सहा महिन्यांत सॉफ्टवेअर इंजिनीअर, नोकरीची हमी' अशा पाट्या दिसतात, त्यांच्याकडे जाण्याआधी तीन गोष्टी विचारा. प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचं किंवा मंडळाचं? रोज प्रत्यक्ष मशीनवर किती तास? आणि नोकरीची हमी लेखी देणार का? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी विषय बदलतो.

पैशाआधी कागद

"फी परवडत नाही" हे खरं असतं. पण अनेकदा सवलत उपलब्ध असते आणि कागद नसतो. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये काढला. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींना तो लागू आहे. अन्सारी, मन्सुरी, बागवान, अत्तार, तांबोळी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या ओबीसीत येतात. या हक्कासाठी झालेल्या मुस्लिम ओबीसी चळवळीला आपल्याच पाली हिलच्या दिलीपकुमार यांनी साथ दिली होती. पण आज दाखला काढायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा पुरावा लागतो. दादाजानचा शाळेचा दाखला, जुनी नोंद, काहीही. ते गावाहून मागवायला, तहसील कार्यालयात फेऱ्या मारायला महिने जातात. म्हणून हे काम मूल नववीत असताना सुरू करा.

जे ओबीसीत येत नाहीत त्यांनी ईडब्ल्यूएसच्या दाखल्याची चौकशी करावी. अल्पसंख्याक संस्थांमध्ये मात्र ईडब्ल्यूएस आरक्षण लागू नसतं, हे फॉर्म भरताना ध्यानात ठेवावं. इंजिनीअरिंग आणि डिप्लोमाला टीएफडब्ल्यूएस नावाची शुल्कमाफीची जागा असते. ती गुणांवर मिळते आणि तिच्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. महाडीबीटी पोर्टलवर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची शिष्यवृत्ती आहे आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं शैक्षणिक कर्जही आहे. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचं दुःख आहेच आणि त्यावर आवाज उठवायला हवा. पण जे उरलंय ते अर्ज न भरल्यामुळे परत जाऊ नये.

मोहल्ल्याने काय करावं?

सरकारकडे मागायचं ते मागत राहू. पण वर सांगितलेल्या पाच अडचणींपैकी किमान तीन मोहल्ल्याच्या हातात आहेत. जमातखान्याची, मदरशाची किंवा ट्रस्टची एक खोली संध्याकाळी रिकामी असते. तिथे चार-पाच जुने संगणक आणि एक इंटरनेट जोडणी पुरेशी आहे. आठवड्यातले तीन दिवस मुलींसाठी राखून ठेवा, वेळ मगरिबच्या आधीची. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतील. शिकवणाऱ्याचाही पाया त्यातून पक्का होतो, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. यासाठी निधी कोणत्या मदीतून वापरायचा, जकातीतून की सदक्यातून, हे आलिमांना विचारून ठरवावं. खर्च एका मोठ्या जलशाच्या स्टेज आणि लाइटिंगपेक्षा जास्त येणार नाही.

त्याच खोलीत एक फळा लावावा आणि त्यावर तारखा लिहाव्यात. पॉलिटेक्निकचा फॉर्म कधी, बीसीएची सीईटी कधी, महाडीबीटीची शेवटची तारीख कधी. आपल्या कितीतरी मुलांचं वर्ष नापास झाल्याने गेलेलं नसतं, तारीख चुकल्याने गेलेलं असतं.

बीकेसीच्या इमारती उद्याही उभ्याच राहतील आणि त्यांच्यात माणसंही लागतील. एआयमुळे ती कदाचित कमी लागतील आणि जास्त पारखून घेतली जातील. पारख होईल ती पदवीच्या नावाची नसेल, नेमका विचार करता येतो का याची असेल. तो विचार अकरावीच्या गणितात, पहिल्या सत्राच्या लॅबमध्ये आणि घरातल्या एका शांत कोपऱ्यात तयार होतो. पहिल्या दोन गोष्टींसाठी शाळा-कॉलेज आहेत. तिसरी गोष्ट घराने द्यायची. या सुट्टीत मुलीसाठी तो कोपरा रिकामा करून द्या आणि तिने बनवलेला पहिला प्रोग्राम तिच्याकडून समजून घ्या.